थकवा म्हणजे आळस नव्हे

मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-पापड बाजूला ठेवून घरातलीच एक गोष्ट सांगते. त्यात चूक माझीही आहे.

माझ्या धाकट्या वन्सं मस्कतला शाळेत शिकवतात. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांचा फोन येतो. मागच्या दिवाळीपासून त्यांचं एकच पालुपद होतं, "वहिनी, सकाळी उठते तीच दमलेली. वह्या तपासता तपासता डोळा लागतो." सोलापुरात असताना याच वन्सं पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून शाळा गाठायच्या. तिथे धुण्याला यंत्र, जायला-यायला गाडी, खोलीत गारवा. मग थकवा कसला? मीही दुपारी दोन तास शिकवते, दमणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, "घरची आठवण येत असेल. मन रमवा." सासूबाईंनी तर सुनावलंच, "आपले डॉक्टर कोटणीस चीनमध्ये रात्रंदिवस उभे राहिले, आणि तुला एसीत बसून थकवा?" त्यानंतर वन्संनी तो विषयच काढला नाही.

जूनमध्ये त्या सुट्टीवर आल्या. पाऊस पडला नव्हता, आम्ही घामानं निथळत होतो, आणि वन्सं पंख्याखाली शाल पांघरून बसलेल्या! कंगव्यात केसांचा पुंजका. आवडीची भाकरी-शेंगाचटणीसुद्धा अर्धी पानात. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 9, थायरॉईडचं काम मंदावलेलं आणि ड जीवनसत्त्वही कमी. उन्हाच्या देशात राहून असं कसं? बाई म्हणाल्या, "घरातून गाडीत, गाडीतून वर्गात. ऊन अंगाला लागतंच कुठे?"

कोटणीसांची गोष्ट आपण सोलापूरकर अर्धीच सांगतो. 1910 साली आपल्या गावात जन्मलेले हे डॉक्टर 1938 मध्ये चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर त्यांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या आणि 1941 मध्ये ते तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की अपस्माराच्या झटक्यांनी 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले. वय अवघं 32, मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा. युद्धाच्या धामधुमीत त्यांना विसावा मिळणं कठीण होतं. आपल्या लेकीसुनांना तो मिळू शकतो. मग कोटणीसांचं नाव घेऊन त्यांना गप्प का बसवायचं?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे ही गोष्ट घरोघरची आहे. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

पुरेशी झोप होऊनही दोन-तीन आठवडे थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ब-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. परगावी किंवा परदेशी असणारीनं सुट्टीची वाट पाहू नये, तिथेच दाखवावं. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही सांगावं, लाजू नये. धाप, छातीत दुखणं, बारीक ताप किंवा वजन घटणं असेल तर एक दिवसही थांबू नका.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी कमी लागतं. पालेभाजीवर लिंबू मात्र जरूर पिळा. गूळ-शेंगदाणे खुशाल खा, पण त्यांना औषध समजू नका. आणि सगळ्या तपासण्या ठीक आल्या तरी थकवा खोटा ठरत नाही. एकटेपणानं, काळजीनंही माणूस गळून जातं. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

वन्सं औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत गेल्या. तीन महिन्यांत आवाजात पूर्वीचा तरतरीतपणा आला. आता शुक्रवारी फोन आला की सासूबाई सगळ्यांत आधी विचारतात, "गोळी घेतलीस ना गं?"

तुमच्या घरातलं कुणी लांब राहत असेल, तर जेवणाखाण्याची चौकशी करताना "दमतेस का?" हेही विचारा. आणि "हो" म्हणाली, तर ते खरं माना.