शेवटचा मुक्काम

कर्जतच्या माळावरून मेंढ्यांचे वाडे निघतात तेव्हा धनगराचा संसार घोडीच्या पाठीवर असतो : भांडी, वाघर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अशी एक आजारी घोडी चार वर्षे सांभाळली. आधी खूर दुखावले, मग पोटशूळ वारंवार उठू लागला. ओझे टेम्पोत गेले. ती रिकाम्या पाठीने मागून चालत राहिली. एके दिवशी बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. फार काळ आडवे पडल्यास स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबतात. अशा वेळी 'देव नेईल तेव्हा नेईल' असे म्हणणे ही करुणा नव्हे, निर्णयाची टाळाटाळ आहे. म्हातारे जनावर रानात सोडून देणे तर त्याहून निष्ठुर. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही उपासमारीच्या तोंडी टाकणे हा गुन्हा मानला आहे. मात्र असाध्य यातनेतील जनावराला मरण देण्याची वाट त्याच कायद्यात आहे.

खंडोबाचे वाहन म्हणून आपण घोड्याला पुजतो. त्या घरातल्या आजींनी घोडीच्या कपाळाला भंडारा लावला, मान मांडीवर घेतली आणि मगच पशुवैद्यांना सुई टोचू दिली. त्यांना पाप लागले, असे कुणी म्हणाले. मला वाटते, चार वर्षांच्या सेवेतले सर्वांत अवघड काम त्यांनी त्या दिवशी केले.