घोडा सयाजीराव; स्वार कोण?

१/ सप्टेंबर १९४७. देश नुकताच स्वतंत्र झालेला. इंग्लंडमधील डॉनकॅस्टर येथे 'सेंट लेजर' ही मानाची शर्यत बडोद्याच्या महाराजांच्या घोड्याने जिंकली. घोड्याचे नाव सयाजीराव. मराठी मनाला या विजयाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र स्वाराचे नाव सांगायचे राहून जाते, आणि हा अन्याय आहे.

२/ स्वार होता एडगर ब्रिट. जन्म १९१३, ऑस्ट्रेलिया. पुढे तो भारतात आला व प्रतापसिंहराव गायकवाडांचे घोडे धाववू लागला. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. पाठीवर ब्रिटच होता.

३/ १९४५ मध्ये महाराजांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. तो त्या काळचा विक्रमी भाव होता. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि रुपया म्हणजे दीड शिलिंग. हिशेब होतो ३ लाख ९२ हजार रुपये. तेच शिंगरू पुढे 'सयाजीराव' झाले.

४/ "इतका पैसा, इतके उत्तम रक्त, मग विजय ठरलेलाच!" हा युक्तिवाद टिकत नाही. त्याचा सख्खा भाऊ दान्ते १९४५ ची डर्बी जिंकला होता. सयाजीराव मात्र १९४७ च्या डर्बीत तिसरा आला. सेंट लेजरमध्येही पावणेदोन मैलांहून अधिक धावल्यावर आर्बारवर आघाडी उरली ती केवळ एका डोक्याची. तेथे खजिना नव्हे, घोड्याचा दम अखेरपर्यंत राखणारा हात कामी येतो.

५/ पुरावा हवा? ब्रिटने इंग्लंडच्या सात 'क्लासिक' शर्यती जिंकल्या. त्यांपैकी सहा इतर मालकांच्या घोड्यांवर: ब्लॅक टार्क्विन (१९४८), म्युझिडोरा (१९४९ मध्ये दोन), फ्रीझ (१९५२), निअरुला (१९५३) आणि हनीलाइट (१९५६). मालक बदलले, हात तोच राहिला.

६/ "पण महाराजांनी पैसा दिला नसता तर?" रास्त प्रश्न. मग पुढचाही विचारावा: संस्थानिकाचे वैभव अखेर कोणाच्या घामावर उभे असते? राज्याच्या तिजोरीतून काढलेल्या रकमांवरून प्रतापसिंहरावांवर आरोप झाले आणि १९५१ मध्ये त्यांची महाराजा म्हणून असलेली मान्यता गेली. ज्या आजोबांचे नाव घोड्याला दिले, त्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. नाव एकच, खर्चाची रीत निराळी.

७/ एडगर ब्रिट २०१७ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तला. परका म्हणून त्याला वगळणे आणि त्याने मिळवलेला विजय मात्र आपला म्हणणे, हा इतिहास नव्हे. अभिमान जरूर बाळगावा. पण श्रेय देताना मालकाआधी स्वाराचे नाव घ्यावे आणि किमतीआधी रयतेचे.