पावती दाखवा!

मंडळी, आरती आटोपून प्रसादाच्या बशा हातात आल्या की आपल्याकडे वादाला तोंड फुटतंच. गेल्या गणपतीत विषय निघाला मुलांच्या शिक्षणकर्जाचा. डेल्फ्टला शिकायला आलेला एक मुलगा सांगत होता, की त्याच्या पुण्याच्या बँकेने फी परस्पर विद्यापीठाकडे पाठवली आणि लॅपटॉपच्या पैशांसाठी आधी दुकानाचं कोटेशन मागितलं. शेजारी इथेच वाढलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "माझं कर्ज दर महिन्याला सरळ माझ्या खात्यात येतं. त्यातून भाडं देते, फी भरते. उन्हाळ्यात पोर्तुगालला गेले तेही त्यातूनच."

लेकीकडे साताऱ्याहून आलेले एक आजोबा शिरा खाता खाता थांबले. "आणि सरकार पावती मागत नाही?"

"नाही, आजोबा."

"मग मागायला पाहिजे! लोकांचा पैसा आहे तो, पोरी."

निम्म्या माना डोलल्या. खरं सांगायचं तर माझीही डोलली. करदात्याला राग येणं साहजिक आहे. पण घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा प्रकरण वाटलं तितकं सोपं निघालं नाही.

मुळात इथलं सरकार अगदीच भोळं नाही. १९८६ साली डेटमन मंत्री असताना अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी, आईवडिलांची मिळकत न बघता, बाझिसबर्स म्हणजे मूळ अनुदान सुरू झालं. १९९६ मध्ये त्याला अट लागली: पैसे आधी कर्ज म्हणून घ्या, ठरलेल्या मुदतीत पदवी दाखवा, मग ते माफ. २०१५ मध्ये उच्च शिक्षणाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी हे अनुदानच बंद झालं आणि फक्त कर्ज उरलं. २०२३ च्या सप्टेंबरात ते परत आलं. मधल्या मुलांना इथे 'दुर्दैवी पिढी' म्हणतात. त्यांना फेडायला पस्तीस वर्षांपर्यंतची मुदत आहे आणि किमान वेतनाच्या वर जे मिळेल त्याच्या जास्तीत जास्त ४ टक्के हप्ता. म्हणजे पदवी बघितली जाते, मिळकत बघितली जाते. मधे काय खाल्लं, ते कोणी विचारत नाही.

याचा गैरफायदा कोणी घेत नाही असं नाही. व्याज शून्य होतं त्या वर्षांत गरज नसताना कर्ज काढून ते बचत खात्यात किंवा शेअर्समध्ये टाकणारे हुशार विद्यार्थी होतेच. २०२४ साली व्याज २.५६ टक्के झालं, तेव्हा त्यांचाही हिशेब जरा बदलला असणार.

पण पाळत ठेवायची म्हटलं की काय होतं, हेही याच देशाने दाखवलं आहे, आणि आपल्या लोकांनी ते नीट लक्षात ठेवावं. आईवडिलांकडे राहणाऱ्याला अनुदान कमी, बाहेर राहणाऱ्याला जास्त. २०२३ मध्ये महिना सुमारे ११० युरो विरुद्ध ४३९. साहजिकच बाहेरचा पत्ता दाखवून घरीच राहणारे काही निघाले. म्हणून २०१२ पासून 'डूओ' या सरकारी कार्यालयाने तपासणी सुरू केली. कोणाकडे जायचं हे ठरवायला संगणकाने गुण द्यायचे: व्यवसायशिक्षण घेत असेल तर जास्त संशय, वय कमी असेल तर जास्त, आईवडिलांचं घर जवळ असेल तर आणखी जास्त. मग तपासनीस न सांगता दारात. पलंग कुठे, कपडे कुठे, पुस्तकं कुठे? खुलासा पटला नाही तर जादा घेतलेले पैसे परत, वर ५० टक्के दंड.

आता सांगा, या जाळ्यात कोण सापडणार? वडिलांनी ॲमस्टरडॅमला फ्लॅट घेऊन दिलेला मुलगा नव्हे. सापडणार तो दोन गल्ल्या पलीकडे मामाकडे किंवा काकूकडे राहणारा, जेवायला आईकडे जाणारा, ज्याचे निम्मे कपडे इकडे आणि निम्मे तिकडे असतात तो. वकिलांकडे गेलेल्या प्रकरणांत जवळजवळ सगळी मुलं बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतली होती. २०२३ मध्ये पत्रकारांनी हे उघडकीस आणलं. १ मार्च २०२४ ला मंत्री डाइकग्राफ यांनी अप्रत्यक्ष भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे पैसे परत करायचं ठरलं. एकूण रक्कम सुमारे ६ कोटी १० लाख युरो.

आणि हा तर नुसता पत्ता होता. पावत्या तपासायच्या झाल्या तर? शिवाय ज्याचा बाप पैसे देतो त्याच्या पोर्तुगालची पावती कोणीच मागणार नाही. मागणार ती कर्ज काढणाराकडे, ज्याला व्याजासकट फेडायचं आहे त्याच्याकडे.

मला राहून राहून बडोद्याची आठवण होते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार एवढाच, की अभ्यास करायचा आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. त्या तुटपुंज्या पैशांतून ते पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेत आणि घरी रमाबाईंनाही पैसे पाठवत. घरी पाठवलेले पैसे हा शिक्षणाचा खर्च का, असं विचारणारा कारकून न्यूयॉर्कला बसवला असता, तर त्याने नियमानुसार ते नामंजूरच केले असते.

हे सगळं मी साताऱ्याच्या आजोबांना नंतर फोनवर सांगितलं. पोर्तुगाल त्यांना अजून पटलेलं नाही. पण मामाकडच्या मुलांना दंड झाल्याचं ऐकून ते चांगलेच उखडले. "म्हणजे काय! मी चार वर्षं मामाकडे राहून मॅट्रिक झालो. वडिलांची मनीऑर्डर यायची. सरकारचं कोणी आलं नाही कधी बघायला." मग जरा थांबून म्हणाले, "हिशेब मात्र मामी घ्यायची. पै पैचा."