विश्लेषण : रोनाल्डोने विक्रम मोडला, तरी अली दाई महत्त्वाचे का?

१ सप्टेंबर २०२१ रोजी आयर्लंडविरुद्ध दोन गोल करून क्रिस्तियानो रोनाल्डोने पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम आपल्या नावावर केला. त्याआधी हा विक्रम इराणचे अली दाई यांचा होता. तेव्हाच्या नोंदीनुसार त्यांचे गोल होते १०९. पुढे लिओनेल मेस्सीही दाईंच्या पुढे गेला. आपल्याकडे अनेकांना दाई माहीत आहेत ते ‘रोनाल्डोने ज्याचा विक्रम मोडला तो’ एवढ्यापुरतेच. ही ओळख अपुरी आहे.

अली दाई कोण?

दाई यांचा जन्म १९६९चा, इराणच्या वायव्येकडील अर्दबील शहरातला. तेहरानच्या शरीफ तंत्रज्ञान विद्यापीठातून त्यांनी मटेरियल्स इंजिनीअरिंगची पदवी घेतली. इराणमध्ये या विद्यापीठाला साधारण आपल्या आयआयटीसारखा मान आहे. राष्ट्रीय संघात ते आले १९९३ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी. आजच्या फुटबॉलमध्ये या वयाच्या खेळाडूला कुणी ‘नवोदित’ म्हणणार नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये आशियाई चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात इराणने दक्षिण कोरियाला ६-२ असे हरवले. त्यातले चार गोल एकट्या दाईंचे होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध इराण दोन गोलांनी मागे होता. सामना २-२ असा सुटला आणि इराण १९९८च्या विश्वचषकाला पात्र ठरला. बरोबरीचा गोल खोदादाद अझिझीचा होता, पण त्याला पास दिला होता दाईंनी.

गोल ‘सोपे’ होते का?

दाईंवर नेहमीचा आक्षेप असा, की त्यांनी दुबळ्या संघांविरुद्ध गोल लुटले. त्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी शंभरी गाठली ती लाओसविरुद्ध, एकाच सामन्यात चार गोल करून. १९९८ आणि २००६ असे दोन विश्वचषक खेळूनही तिथे त्यांना एकही गोल करता आला नाही.

पण हाच निकष रोनाल्डोला लावला तर? त्यानेही लक्झेंबर्ग आणि लिथुआनियाविरुद्ध ढीगभर गोल केले आहेत. पात्रता फेरीत समोर येईल त्या संघाशी खेळावे लागते, तिथे खेळाडूला निवड नसते. दाईंच्या आधी पुरुषांच्या फुटबॉलमध्ये कुणीही देशासाठी १०० गोल केले नव्हते, हंगेरीचे महान फेरेंक पुश्कासही ८४वर थांबले होते.

शिवाय दाई केवळ आशियात चमकले असे नाही. बिलेफेल्ड, बायर्न म्युनिक आणि हर्था बर्लिन या तीन जर्मन क्लबांकडून ते खेळले. १९९९ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये हर्थाने चेल्सीला २-१ असे हरवले, तेव्हा दोन्ही गोल दाईंचे होते. एसी मिलानविरुद्धही त्यांनी गोल केला. आशियाई खेळाडू युरोपात क्वचितच दिसत, त्या काळातली ही गोष्ट.

निवृत्तीनंतर काय घडले?

पुढे ते प्रशिक्षक झाले. २००८ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली, पण मार्च २००९ मध्ये तेहरानमध्ये सौदी अरेबियाकडून पराभव होताच पद गेले. २०१७ मध्ये केरमानशाह भागात भूकंप झाला, तेव्हा त्यांनी मदतनिधी उभारला आणि लोकांनी विश्वासाने पैसे दिले.

खरी कसोटी आली २०२२ मध्ये. सप्टेंबरमध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलीस कोठडीनंतर मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले. दडपशाही थांबवून लोकांचे प्रश्न सोडवा, असे दाईंनी जाहीरपणे म्हटले. त्यांचा पासपोर्ट काही काळ जप्त झाला. कतार विश्वचषकाचे निमंत्रण असूनही ते गेले नाहीत. डिसेंबरमध्ये तेहरानमधले त्यांचे दागिन्यांचे दुकान आणि रेस्टॉरंट सील झाले. २६ डिसेंबरला दुबईला निघालेले विमान कीश बेटावर उतरवून त्यांच्या पत्नी आणि मुलीला खाली उतरवण्यात आले.

मग खेळाडूंनी बोलायलाच हवे का?

‘एवढा मोठा खेळाडू, मग गप्प का?’ हा प्रश्न आपल्या सोशल मीडियावरही दर थोड्या दिवसांनी उसळतो. दाईंचे उदाहरण पाहिले की हा प्रश्न किती स्वस्तात विचारला जातो ते कळते. पोस्ट त्यांनी लिहिली, पण विमानातून उतरावे लागले पत्नीला आणि मुलीला. दुकानाला कुलूप लागले तेव्हा फटका तिथे काम करणाऱ्यांनाही बसला असणार. म्हणून गप्प राहणाऱ्या प्रत्येकाला भित्रा ठरवणे अन्यायाचे आहे.

पण याच कारणाने, जो बोलतो त्याचे मोलही वाढते. मैदानावर आणखी काही सिद्ध करण्यासारखे दाईंकडे उरले नव्हते. गप्प बसले असते तर मान, व्यवसाय, विश्वचषकातली पाहुण्यांची खुर्ची, सगळे शाबूत राहिले असते. त्यांनी ते पणाला लावले.

विक्रम आज ना उद्या मोडतात. रोनाल्डोने बरोबरी केली तेव्हा खुद्द दाईंनीच त्याचे अभिनंदन केले होते. गोलांच्या यादीत ते आता खाली सरकले आहेत. मात्र निवृत्त खेळाडूने आपल्या प्रसिद्धीचे काय करावे, असा प्रश्न निघेल तेव्हा दाईंचे नाव आधी घ्यावे लागेल.