मजकूर जपा, पुस्तक पुन्हा काढता येईल



आमच्या कपाटात एक जुनी फ्लॉपी आहे. १९९८ साली आम्ही कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि ६४ पानांची पुस्तिका काढली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका, रेल्वेच्या गँगमध्ये राबलेली माणसे, धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडणारी कुटुंबे, सारे त्यात होते. वर्गणीतून ५०० प्रती छापल्या. त्या संपल्या.

पंधरा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरले. फ्लॉपी वाचणारे यंत्र मुश्किलीने मिळाले. फाईल उघडली तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फॉन्ट गेला की मराठी गेली. असा मजकूर पालटून देणाऱ्या सोयी आज आहेत, पण आमच्या फ्लॉपीचा अर्धा भाग वाचलाच गेला नाही. उरलेल्या एकुलत्या एका प्रतीला वाळवी लागली होती. दोन आजींच्या आठवणींची पाने कायमची गेली. पुन्हा विचारावे तर त्या आजीही आता नव्हत्या.

दोष डीटीपी करणाऱ्याचा नव्हता. आम्ही पुस्तक सांभाळले, मजकूर सांभाळला नाही.

आम्ही पडलो कारकून, शिक्षण बी.कॉम. कोणत्याही दुकानात रोजकीर्द शाबूत असली तर खतावणी आणि ताळेबंद पुन्हा काढता येतो. पण नुसता ताळेबंद हाती राहिला तर त्यातून रोजकीर्द परत येत नाही. पुस्तकाचेही तसेच आहे. मजकूर ही रोजकीर्द, छापील पान हा ताळेबंद.

मग मजकूर जपायचा कसा? साध्या मजकुराच्या फाईलमध्ये. तिच्यात फॉन्ट, रंग, आकार काही नसते, फक्त अक्षरे असतात. १९९१ साली आलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. मोबाईलवर आपण 'जयभीम' लिहितो ते युनिकोडच. म्हणून ते कोणत्याही यंत्रावर मराठीतच दिसते.

पण पुस्तकाला मथळे लागतात, ठळक शब्द लागतात. त्यासाठी मजकुरातच खुणा करायच्या. ही रीत नवी नाही. खिळे जुळवण्याच्या काळात हस्तलिखितात शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली की कंपोझिटर तो शब्द ठळक जुळवी. आता प्रकरणाच्या नावाआधी # ही खूण, पोटमथळ्याआधी ##, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना **  आणि नव्या परिच्छेदाआधी एक कोरी ओळ. या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. ती २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मांडली. आठवी-नववीतल्या मुलीला ती एका दुपारी येते.

पुढचे काम कॉम्प्युटरचे. 'पॅनडॉक' नावाचा प्रोग्राम या खुणा वाचतो आणि मजकूर 'टेक'कडे देतो. टेक हा पाने जुळवणारा प्रोग्राम. डोनाल्ड नुथ या अमेरिकन प्राध्यापकाला १९७७ साली आपल्याच पुस्तकाची मुद्रिते पाहवली नाहीत, म्हणून त्याने तो स्वतः बनवायला घेतला. १९९१ साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी त्यात देवनागरी बसवली, तीही रोमन अक्षरांत टाईप करून. आता टेकचाच 'झीटेक' हा अवतार युनिकोड मराठी थेट वाचतो. हे सारे फुकट मिळते. अनुक्रमणिका आणि पृष्ठांक आपोआप येतात. भाषा मराठी असे सांगितले आणि फॉन्टमध्ये सोय असली तर 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे उमटतात. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत हवी? एक आकडा बदला, सगळे पुस्तक नव्याने जुळते. त्याच मजकुरातून मोबाईलवर वाचायचे पुस्तकही निघते.

पुस्तकाची रचना पानावर अवलंबून नसावी, याचा नमुना आपल्या घरातच आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' उघडून पाहा. आठ खंड, खंडात भाग, भागात प्रकरणे, आणि प्रकरणात क्रमांक घातलेली छोटी-छोटी वचने. आवृत्ती बदलली, पृष्ठांक बदलला, तरी खंड-भाग-प्रकरण-क्रमांक सांगितला की विहारातल्या सर्वांना तीच ओळ सापडते.

शेजारच्या बीड जिल्ह्यातलेही उदाहरण आहे. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी १९९६ साली गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. गाणारीचे नाव, गाव आणि विषय यांची नोंद ठेवली गेली. ते दोघेही आज हयात नाहीत, पण ओव्या 'पारी' या संग्रहात वाचायला मिळतात. दळणाऱ्या बाईचे नाव तिच्या ओवीबरोबर टिकले, ही केवढी गोष्ट!

अर्थात या पद्धतीने सगळेच होत नाही. लग्नपत्रिका किंवा फोटोंनी भरलेली स्मरणिका डीटीपीवाल्याकडेच बरी. पॅनडॉक आणि टेक चालवायला वस्तीतल्या एका तरी मुलाने कॉम्प्युटरवर बसून शिकावे लागते, आणि पहिल्या दिवशी चुका पाहून डोके धरावे लागते. पण मजकूर लिहून ठेवायला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून आमची विनंती आहे. कोणतेही पुस्तक छापायला द्याल तेव्हा छापील प्रतींबरोबर युनिकोडमधला साधा मजकूरही मागून घ्या. पैसे देण्याआधीच तसे ठरवा. आणि या रविवारी घरातल्या लेकीला आजीजवळ बसवा. मोबाईलवर वर आजीचे नाव, गाव, तारीख लिहायची, मग आजी सांगेल ते तिच्याच बोलीत. त्याची एक प्रत घरी, एक पेनड्राईव्हवर, एक परगावच्या नातेवाइकाकडे ई-मेलने.

पुस्तक पुढच्या वर्षी निघाले तरी चालेल. आजीचे सांगणे मात्र याच रविवारी लिहून घ्या.