ऑर्डरीप्रमाणे संगीत

ऑर्डर घेऊन केलेली कला दुय्यम, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. खरा कलावंत म्हणे स्वतःसाठी लिहितो. वाजवणारे आणि ऐकणारे गेले उडत. मला हे पटत नाही, आणि माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मी बेला बार्टोकला उभा करणार आहे.

१९३८ सालची गोष्ट. व्हायोलिनवादक जोसेफ सिगेटीने या हंगेरियन मित्राला पत्र लिहून एक काम सुचवलं. पैसे देणार होता बेनी गुडमन. तोच तो, स्विंगचा बादशहा, ज्याने त्याच वर्षी जानेवारीत कार्नेगी हॉलमध्ये जॅझ वाजवून धमाल उडवली होती. रिक्वायरमेंट अगदी सुटसुटीत होती. क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो. दोन भाग, वेगवेगळे वाजवता येतील असे. दोन्ही वाद्यांना एकेक जोरदार कॅडेन्झा, म्हणजे बाकीचे गप्प आणि एकट्याने रंगवायची जागा. वेळ सहा-सात मिनिटं. का? तर ७८ आरपीएमच्या तबकडीच्या दोन बाजूंवर मावलं पाहिजे. (अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडून दाखवले, ते याच तबकडीपायी.)

डिलिव्हरी काय झाली? तीन भाग, साधारण सतरा मिनिटं! बार्टोकने वर सिगेटीला गमतीने कळवलं की विकणारा सहसा ठरल्यापेक्षा कमी माल देतो, पण कधीकधी दोन वर्षांच्या पोराचे कपडे मागवावेत आणि मोठ्या माणसाचा सूट यावा, तसंही होतं. तो सूट म्हणजेच 'काँट्रास्ट्स'.

आता आपल्यातला एखादा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल, हा तर सरळसरळ स्कोप वाढवला. वाढवलाच. पण नीट बघा, त्याने नेमकं काय मोडलं आणि काय पाळलं. वेळेची अट तबकडीची होती, ती मोडली. बाकीच्या अटी माणसांच्या होत्या, त्या एकूण एक पाळल्या. पहिला भाग 'वेर्बुंकोश', म्हणजे हंगेरीत सैन्यभरतीच्या वेळी नाचायचा नाच. त्याच्या शेवटी गुडमनची कॅडेन्झा. व्हायोलिनची शेवटच्या भागात, अगदी सिगेटीच्या हाताची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बार्टोक स्वतः पट्टीचा पियानिस्ट, तरी पियानोला एकही कॅडेन्झा नाही. पियानो बहुतेक वेळ मागे राहून दोघांना जमीन देतो. आपल्या हार्मोनियमवाल्यांना यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको.

शिवाय दोन बाजूचे भाग अजूनही वेगळे वाजवता येत होते. ९ जानेवारी १९३९ ला कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजले ते दोनच. मधला संथ 'पिहेनो' त्या दिवशी वगळला होता. म्हणजे क्लायंटला हवं होतं त्याच्या जवळपासचं काहीतरी त्या मोठ्या सुटाच्या आत सापडतच होतं.

हे उदाहरण ऐकून सोमवारी कुणी तिप्पट उशिरा, तिप्पट मोठं मॉड्यूल देऊन 'मी बार्टोक आहे' म्हणू नये :) समोरच्याची बोटं, त्याचा दम, त्याचं नाव ऐकून तिकीट काढणारे लोक, हे सगळं त्याने आधी धरलं होतं, म्हणून त्याला ती मुभा. नाहीतर गुडमनने तो सूट परत पाठवला असता. उलट १९४० साली ह्या तिघांनीच मिळून तिन्ही भाग रेकॉर्ड केले, साहजिकच एका तबकडीत न मावता.

ते रेकॉर्डिंग या वीकएंडला ऐकाच. तिसरा भाग सुरू होताना व्हायोलिन बेसूर लागलंय असं वाटेल. स्पीकर तपासू नका. त्याची खालची तार अर्धा स्वर चढवलेली आणि वरची अर्धा स्वर उतरवलेली असते, गावठी फिडलवाल्याचा बाज यावा म्हणून. थोड्याच वेळात वादक ते खाली ठेवतो आणि नीट लावलेलं दुसरं व्हायोलिन उचलतो.