दुकानाचे कार्ड घेऊन गेलेली साख परत येते काय?

गेल्या वर्षी माल नेण्या-आणण्यासाठी एक जुना टेम्पो घ्यायचा विचार होता. बँकेत गेलो. साहेबांनी संगणकात नंबर टाकला आणि म्हणाले, "शेठ, तुमचा सिबिल खराब आहे." मी चक्रावलो. शुक्रवार पेठेत तीस वर्षे कपड्याचा धंदा करतो. चाटी गल्लीत कोणालाही विचारा, माझा वायदा चुकला असे कोणी सांगणार नाही. मग खराब काय? शोध घेतला तेव्हा कळले की भाच्याच्या यंत्रमागाच्या कर्जाला मी जामीन होतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे माग थांबले, हप्ते थकले, शेवटी बँकेने थोडी रक्कम सोडून तडजोड केली. आम्ही समजलो प्रकरण मिटले. कागदावर मात्र 'सेटल' असा शिक्का राहिला, आणि तो माझ्याही नावावर.

त्याच आठवड्यात एका मोठ्या कपड्याच्या दालनात गेलो होतो (आपल्याच धंद्याचे भाव बघायला, दुसरे काय). गल्ल्याजवळचा पोरगा म्हणाला, "चाचा, आमचे कार्ड घ्या, आजच्या खरेदीवर सूट मिळेल आणि तुमची साखही सुधारेल." फॉर्म हातात दिला. खरे सांगतो, सही करता करता थांबलो.

व्यापारी बांधवांनो, हे दुकानाचे कार्ड म्हणजे काय ते आधी समजून घ्या. त्यावर नाव दुकानाचे, पण उधार देणारी बँक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानाचे काम फक्त कार्डाचा प्रचार आणि वाटप करण्याचे आहे. म्हणजे सूट दुकानाची आणि तगादा बँकेचा. बँक आपला हिशेब सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना कळवते आणि त्यावरून ३०० ते ९०० पर्यंतचा आकडा निघतो. साधारण ७५० च्या वर असेल तर बँका खूश. आपली पेठेतली उधारी कितीही वेळेवर फेडली तरी ती या वहीत चढत नाही. आडत्याने आपली तारीफ केली तरी यंत्राला ती ऐकू येत नाही.

तेव्हा पोरगा अगदी खोटे बोलत नव्हता. कार्ड वेळेवर फेडले तर नोंद चांगली होते. पण ज्याची साख आधीच बिघडली आहे त्याचा अर्ज बहुधा नामंजूर होतो, आणि बँकेने केलेली चौकशी तेवढी नोंदली जाते. चार दुकानांत चार फॉर्म भरले की चार चौकशा. पुढच्या बँकेला वाटते, हा माणूस दारोदार उधार मागत फिरतो आहे.

कार्ड मिळाले तरी खरा फास पुढेच आहे. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला की उरलेल्या पैशावर व्याज सुरू. अनेक कार्डांवर हा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. दहा हजार रुपये महिनाभर राहिले तर ३५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३, म्हणजे ४१३ रुपये गेले. शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दहा हजारांची चादर विकून ४१३ सुटताना आपल्याला किती घाम येतो ते यंत्रमागवाल्यांना सांगायला नको.

आता आपल्या दिलात जो प्रश्न आहे तो. मुदतीच्या आत सगळे पैसे भरले तर व्याज लागत नाही, मग हरकत काय? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाध येथे ठराव केला की ज्या कार्डाच्या करारात व्याजाची शर्त आहे आणि पाठीमागे आपली रक्कम नाही, ते मुदतीत फेडण्याची नियत असली तरी घेणे जायज नाही. आपल्याकडील काही उलमा गरज आणि पूर्ण भरणा या अटींवर नरमाई ठेवतात. मी मुफ्ती नाही. आपापल्या मुफ्तीसाहेबांना कार्डाचा कागद दाखवून विचारा. पण सूट मिळते म्हणून शर्ट घेतल्यासारखे कार्ड घेऊ नका.

ज्याला कार्डाशिवाय गत्यंतरच नाही त्याने दुकानाचे सोडून बँकेत मुदत ठेव ठेवून मिळणारे कार्ड घ्यावे. साख बिघडलेल्यालाही ते सहसा मिळते, आणि मर्यादा ठेवीच्या आतच असल्याने हात आवरतो. व्याजाची शर्त त्यातही आहे हे लपवत नाही. ठेवीवरचे व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकावे. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वापरू नये, लाइट बिलासारखा ठरलेला खर्च तेवढा त्यावर टाकावा. आणि खात्यातून आपोआप भरणा लावताना 'किमान' नव्हे, 'पूर्ण रक्कम' यावर खूण करावी. इथेच पुष्कळ लोक फसतात.

माझे मत विचाराल तर कार्डाच्या आधी वही दुरुस्त करा. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बाजारात 'आठ दिवसांत सिबिल साफ' म्हणणारे दलाल फिरतात, त्यांना पैसे देऊ नका. खरी नोंद बदलणे त्यांच्या हातात नाही, ती ज्या बँकेने लिहिली तिनेच बदलावी लागते. कुराण शरीफमधील सर्वात लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि आपण मात्र जामिनाच्या कागदावर न वाचता सही करतो. मीही केली.

मी बँकेने सोडलेली रक्कम भाच्याबरोबर बसून तीन हप्त्यांत भरली, बाकी नसल्याचा दाखला लेखी घेतला आणि तो शिक्का बदलून 'बंद' असा करून घेतला. टेम्पो अजून घेतलेला नाही, माल भाड्याच्या गाडीने जातो. दालनातला तो फॉर्म गल्ल्यात मोजपट्टीखाली पडला आहे, त्याच्या पाठीवर बायकोने किराण्याची यादी लिहिली आहे.